मशेरीची डबी आणि गर्भातील फुप्फुसे

तंबाखूचा विषय निघाला की आपली दृष्टी विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाकडे वळते. आपल्या घरातील स्त्रिया धूम्रपान करीत नाहीत, तेव्हा त्यांच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही, अशी आपण समजूत करून घेतलेली असते. परंतु तव्यावर काळी करून कुटलेली मशेरी सकाळी दातांना लावून बसणाऱ्या आयाबाया कोकण-गोमंतकात कोणी पाहिलेल्या नाहीत? पोट साफ होते, एवढ्या कारणावर ती डबी गर्भारपणातही कमरेची सुटत नाही.

मशेरीत धूर नाही हे खरे. पण निकोटिन आहे. आणि निकोटिनाला वार अडवीत नाही. गर्भाच्या रक्तातील त्याचे प्रमाण मातेच्या रक्ताइतके, प्रसंगी त्याहूनही अधिक आढळते. फुप्फुसातील श्वासनलिकांच्या मुख्य शाखा साधारणतः सतराव्या आठवड्यापर्यंत फुटून पुऱ्या होतात. वायुकोश शेवटच्या महिन्यांत व जन्मानंतर तयार होत राहतात. या घडणीच्या काळात फुप्फुसाच्या पेशी शरीरातीलच एका रसायनाचे संदेश ऐकत असतात. निकोटिन नेमके त्याच संदेशाचे सोंग घेते. अमेरिकेतील ओरेगॉन येथील संशोधकांनी गाभण माकडिणींना केवळ निकोटिन दिले, धुराचा एक झुरकाही नव्हे. तरी पिलांची फुप्फुसे अपुऱ्या वाढीची निघाली व श्वासनलिकांभोवती तंतुमय ऊती वाढलेल्या दिसल्या. हे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. दोष केवळ धुराचा, हा युक्तिवाद तेव्हाच लंगडा पडला.

अशा बालकात जन्मतः काही वैगुण्य दिसेलच असे नाही. धूम्रपान करणाऱ्या मातांच्या मुलांत घरघर व दमा अधिक आढळतो, हे अनेक पाहण्यांतून सिद्ध झाले आहे. पण खरा हिशेब पुढे उघडतो. माणसाच्या फुप्फुसांची शक्ती विशी-पंचविशीत शिगेला पोचते आणि मग ती प्रत्येकाचीच हळूहळू उतरू लागते. ज्याचे भांडवलच तुटपुंजे, त्याला जिना चढताना धाप लागण्याचे वय लवकर गाठते. इंग्लंडमधील हर्टफर्डशायरच्या १९९१ च्या पाहणीत, कमी वजनाने जन्मलेल्या पुरुषांची फुप्फुसे साठीच्या आसपास दुबळी आढळली. आता याला मुंबईची पाहणी जोडून पाहावी. १,२१७ गर्भवतींच्या या अभ्यासात (२००४) मशेरीसारखा धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बालके सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणेही अधिक झाली.

धूम्रपान न सुटलेल्या गर्भवतींना रोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिल्यास अर्भकांची श्वसनक्षमता काहीशी सुधारते, असे २०१४ साली अमेरिकेत दिसून आले. तो दिलासा आहे, परवाना नव्हे.

गोव्याने १९९७ साली धूम्रपान व थुंकण्याविरुद्ध कायदा केला, तो स्तुत्यच होता. परंतु सार्वजनिक जागेचा कायदा चुलीपाशी पोचत नाही. तेथे पोचते ती परिचारिका. तिने 'तंबाखू खाता का?' असे विचारले, तर 'नाही' हेच उत्तर येणार, आणि ते प्रामाणिकपणे येणार. कारण मशेरीला तंबाखू मानण्याची आपल्याकडे रीतच नाही. सबब गर्भवतीच्या नोंदपत्रकात मशेरीचा नाव घेऊन वेगळा रकाना असावा, आणि तो प्रश्न पहिल्या तपासणीलाच, सासूबाई बाहेर बसलेल्या असताना, विचारला जावा.