संगणक तापला म्हणून प्रोसेसर गेला असे नव्हे

आमच्या वस्त्यांमधून हल्ली गेमिंग संगणक दिसू लागले आहेत. काही वडीलधाऱ्यांना तो पोरांचा चोचला वाटतो. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या संगणकावर पोरगा रात्री गेम खेळतो, त्याच संगणकावर तो दिवसा लग्न-बारशाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो, धाकटी बहीण टॅली शिकते आणि घरात चार पैसे येतात. मात्र वस्तू पन्नास-साठ हजारांची. ती घेण्यासाठी कुणी भिशी उचललेली असते, कुणी पतपेढीचे कर्ज काढलेले असते. हप्ते फिटायच्या आत संगणक तापू लागला, गेम अडखळू लागला, की घरात बोलाचाली सुरू होते, आणि दुकानदार सांगतो, "प्रोसेसर गेला, नवा टाका." हे 'गेला' प्रकरण पुष्कळदा खरे नसते. म्हणून हा लेख.

प्रथम वस्तू समजून घेऊ. आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणण्याची रीत आहे. खरा प्रोसेसर म्हणजे आत मदरबोर्डावर बसवलेली काडेपेटीएवढी चौकोनी चकती. इंटेलचा आय५-१२४०० हा ६५ वॅटचा म्हणून विकला जातो. पण जोर लावताना तो ११७ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. म्हणजे जुन्या शंभरच्या पिवळ्या बल्बपेक्षा जास्त ऊब एवढ्याशा जागेत! ती बाहेर पडण्याची वाट ठरलेली आहे. प्रोसेसरवरून थर्मल पेस्टच्या पातळ थरात, तेथून कूलरच्या धातूत, मग पंख्याच्या वाऱ्यात, मग डब्याबाहेर आणि शेवटी खोलीत. ही वाट कोठे अडली तेवढे शोधायचे.

किती तापले म्हणजे जास्त? इंटेलच्या आय५-१२४०० ची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडीच्या रायझन ५ ५६०० ची ९० आहे. २०२२ साली आलेल्या रायझन ७६००एक्स आणि त्याच्या मोठ्या भावंडांची ९५ आहे, आणि कामाच्या जोरात ते तेथपर्यंत जाणारच, असे कंपनीनेच सांगितले होते. तेव्हा खेळताना ७०-८० चा आकडा दिसला म्हणून कुणी घाबरू नये. मर्यादेला टेकला की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो, म्हणून गेम अडखळतो. तरीही उष्णता आवरली नाही तर संगणक बंद होतो. ही सोय पूर्वी सगळ्यांत नव्हती. २००१ साली टॉम्स हार्डवेअरच्या परीक्षकांनी चालू संगणकाचा कूलर काढून पाहिला, तेव्हा एएमडीचा अॅथलॉन धूर काढून जळाला आणि इंटेलचा पेंटियम ४ हळू होऊन जगला. आज दोन्ही कंपन्यांचे प्रोसेसर स्वतःला सांभाळतात. संगणक बंद पडणे हे बहुतेक वेळा प्रोसेसर मेल्याचे नव्हे, तर त्याने जीव वाचवल्याचे लक्षण असते.

आमच्या ओळखीतले एक गृहस्थ एसटीच्या आगारात मेकॅनिक आहेत. त्यांच्या मुलाचा दोन वर्षांचा संगणक, हाच आय५-१२४००, गेम लावताच शंभरावर जाऊ लागला. एका दुकानाने प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोन्ही बदलण्याचे साडेअठरा हजार सांगितले. घरात मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. आईने तर हा डबाच विकून टाका म्हणून धोशा लावला. आम्ही चार-पाच कार्यकर्ते, त्यात एका कार्यालयातले संगणक सांभाळणारा एक तरुण, रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसलो.

त्या तरुणाने डब्याला हात लावला नाही. आधी एचडब्ल्यूइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्राम घातला, गेम लावला आणि घड्याळ पाहिले. आम्ही जन्मभर खतावण्या लिहिल्या. चूक शोधताना बेरजा पुन्हा मारण्याआधी फरकाची रक्कम पाहावी, हे आम्हाला ठाऊक होते. येथेही तोच प्रकार निघाला. आकडा किती चढला यापेक्षा तो कसा चढला यात खरी माहिती असते.

गेम सुरू होताच पाच-दहा सेकंदांत आकडा नव्वद ओलांडतो आणि बंद करताच तितक्याच झपाट्याने खाली येतो, तर बिघाड प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधे समजावा. ऊब धातूत पोहोचतच नाही. आकडा पंधरा-वीस मिनिटे हळूहळू चढत राहतो, तर धातूला ऊब मिळते आहे, पण वारा ती बाहेर नेत नाही. गेम बंद असतानाही आकडा वर आणि पंख्याचा आवाज मोठा, तर कुणीतरी चोरून काम करते आहे.

मेकॅनिकसाहेबांच्या घरी पहिला प्रकार होता. वीज बंद करून, तार काढून डबा उघडला. इंटेलचा सोबत मिळणारा कूलर चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो. त्यातली एक खुंटी वर आलेली होती. वर्षापूर्वी खोली बदलताना डबा टेम्पोतून आला होता, तेव्हाच ती निसटली असावी. कूलर एका कोपऱ्यातून उचललेला, पेस्ट वाळून कडक. जुनी पेस्ट मऊ कापडाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवी वाटाण्याएवढी मधोमध टाकली, खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबल्या आणि 'टक्' असा आवाज आल्याची खात्री केली. त्याच गेममध्ये आकडा ७४ वर थांबला. खर्च पेस्टच्या नळीचा, अडीचशे रुपये. साहेब म्हणाले, "अहो, आम्ही गाडीचा रेडिएटर बघतो, तसंच हे!" अगदी तसेच. नवा कूलर लावताना त्याच्या बुडाला चिकटवलेली प्लास्टिकची फिल्म काढायची राहून गेली तरी हीच लक्षणे दिसतात.

दुसऱ्या प्रकाराची परीक्षा सोपी आहे. डब्याची बाजूची काच काढून तोच गेम खेळून पाहावा. आकडा पाच-सात अंशांनी उतरला तर डब्यात वारा कोंडतो आहे. पुढे सलग काच असलेले डबे दिसायला देखणे, पण हवा घ्यायला जागा नाही. वर ग्राफिक्स कार्डही आपली ऊब त्याच डब्यात ओतते. आपल्या एका खोलीच्या घरात तर फोडणीचा धूर आणि अगरबत्तीची काजळी धुळीत मिसळून कूलरच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी बसते. मऊ ब्रशने काढावी, आणि हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून खराब होतो. डबा पलंगाखाली किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नये.

तिसरा प्रकार आम्हाला सगळ्यात जास्त खटकतो. पैसे वाचवायला मुले गेमच्या चोरट्या प्रती उतरवून घेतात. अवास्ट कंपनीने जून २०२१ मध्ये 'क्रॅकोनॉश' नावाच्या अशा एका घुसखोर प्रोग्रामची माहिती जाहीर केली. तो चोरट्या गेमांतून शिरून लोकांच्या संगणकावर मोनेरो हे आभासी चलन तयार करीत होता. २ लाख २२ हजार संगणक त्याच्या तावडीत सापडले आणि त्याच्या कर्त्यांनी वीस लाख डॉलरपेक्षा अधिक कमावले. वीज आपली, बिल आपले, कमाई परक्याची! फुकटचा गेम असा महाग पडतो. संशय आला तर महत्त्वाच्या फायली बाजूला काढून विंडोज नव्याने टाकणे बरे.

उन्हाळ्याचेही सांगितले पाहिजे. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर जातो. पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी उत्तम कूलरही हात टेकतो. अशा वेळी विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' हा पर्याय दिसत असेल तर १०० चे ९९ टक्के करावे. जादा वेग बंद होतो, ऊब लक्षणीय उतरते, खेळ थोडा मंदावतो. पावसाळ्यात पुन्हा शंभर करता येते.

स्वतः कूलर काढणाऱ्यांना एक इशारा. रायझन ५६०० सारख्या एएम४ प्रोसेसरला खाली बारीक पिना असतात. वाळलेल्या पेस्टमुळे कूलर सरळ ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी संगणक दहा मिनिटे चालवून गरम करावा, मग बंद करून, कड्या सोडून, कूलर डावी-उजवीकडे अलगद फिरवावा आणि सुटल्यावरच उचलावा.

आणि बिल जपून ठेवावे. डबाबंद विकल्या जाणाऱ्या इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरना कंपनीची तीन वर्षांची हमी असते. मेकॅनिकसाहेबांचा संगणक दोनच वर्षांचा होता. प्रोसेसर खरोखर गेला असता तरी तो कंपनीकडून बदलून मागायचा होता. साडेअठरा हजार सांगणाऱ्या दुकानदाराने त्यांना हमीविषयी एक शब्दही विचारला नव्हता. बिल कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत सापडले.