८० लाखांचा फ्लॅट, २२ हजारांचे भाडे : हातात काय उरते?

किंमत ८० लाख रुपये. भाडे महिना २२ हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ६४ हजार. परतावा ३.३ टक्के. पुण्यात गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घेताना हिशेब बहुतेकदा इथेच थांबतो. पण आयुष्यभराची पुंजी किंवा वीस वर्षांचे कर्ज पणाला लागणार असेल, तर तो शेवटपर्यंत करायलाच हवा. या उदाहरणातील किंमत, भाडे, व्याजदर आणि देखभालीचे खर्च गृहीत धरले आहेत. मुद्रांक शुल्क आणि कर-वजावटीचे दर नियमांप्रमाणे आहेत.

खरेदी ८८ लाखांना पडते

पुण्यात मेट्रोच्या अधिभारासह मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. महिलेच्या नावाने खरेदी असेल तर १ टक्का कमी. नोंदणी शुल्क १ टक्का असले तरी कमाल ३० हजार. रंग, पंखे, गिझर, ओट्याखालच्या ट्रॉल्या यांना २ लाख १० हजार धरू. बेरीज ८८ लाख. बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला तर ५ टक्के जीएसटी वेगळा.

भाड्याला लागणारी गळती

एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत वर्षात एक महिना घर रिकामे राहिले, तर हाती येतात २ लाख ४२ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३६ हजार. घर भाड्याने दिले की सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. त्याची मर्यादा सेवाशुल्काच्या १० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३,६०० रुपये. मिळकतकर १४ हजार; स्वतः राहणाऱ्या मालकाला पुणे महापालिका देते ती ४० टक्क्यांची सवलत भाडेकरू ठेवल्यावर मिळत नाही. दुरुस्ती १५ हजार, दलाली आणि करारनामा १३,४००. एकूण खर्च ८२ हजार.

उरले १ लाख ६० हजार. ८८ लाखांवर हा परतावा १.८ टक्के.

आता प्राप्तिकर. भाड्यातून मिळकतकर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. मेंटेनन्स आणि दलालीची वेगळी वजावट नाही. करपात्र रक्कम १ लाख ५९ हजार ६०० येते. २० टक्के दराने, उपकर सोडून, सुमारे ३२ हजार कर. कर्ज नसलेल्या मालकाचा निव्वळ परतावा १.५ टक्क्यांपर्यंत उतरतो.

कर्ज काढले तर

६० लाखांचे कर्ज, ८.५ टक्के व्याज, २० वर्षे मुदत : हप्ता सुमारे ५२,०७०. पहिल्या वर्षी व्याजच ५ लाख ५ हजार, मुद्दल फिटते फक्त १ लाख १९ हजार. कराआधीचे निव्वळ भाडे महिन्याला १३,३०० पडते. बाकीचे जवळजवळ ३८,७०० दर महिन्याला पगारातून जातात. व्याजाची वजावट मिळते, पण नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगारातून वळता होत नाही. जुन्या प्रणालीत त्याला वर्षाला २ लाखांची मर्यादा आहे.

भाडे दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढले, तरी त्याला हप्त्याएवढे व्हायला सुमारे १८ वर्षे लागतात. ‘भाडेकरूच हप्ते फेडेल’ हा भरवसा इथे टिकत नाही.

मग संपत्ती कुठून येते?

किंमतवाढीतून. कर्जाशिवाय घेतलेला हाच फ्लॅट दहा वर्षे ठेवला, निव्वळ भाडे वर्षाला ५ टक्क्यांनी वाढले आणि ते ७ टक्क्यांनी गुंतवत गेलो असे धरू. कराआधीचे चित्र असे :

• किंमत वर्षाला ४ टक्के वाढली : एकूण परतावा ५.२ टक्के
• ६.२ टक्के वाढली : ७ टक्के
• ८ टक्के वाढली : ८.५ टक्के

म्हणजे ७ टक्के व्याजाच्या ठेवीशी नुसती बरोबरी करायलाही दहा वर्षे सलग ६.२ टक्के वाढ हवी. विकताना नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. २३ जुलै २०२४पासून नव्या खरेदीला महागाई निर्देशांकाचा लाभ उरलेला नाही.

खरेदीआधीच्या तीन कसोट्या

पहिली : परतावा काढताना वर निव्वळ भाडे आणि खाली मुद्रांक शुल्कासह पूर्ण खर्च घ्या. दुसरी : भाडे पेलेल तेवढेच कर्ज काढा. वरच्या दराने १३,३०० रुपयांत फक्त १५ लाखांच्या आसपासचे कर्ज फिटते. तिसरी : लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९नुसार ती जबाबदारी मालकाची आहे, आणि मुदत संपल्यावर घर परत मिळवताना हाच कागद कामी येतो.

मध्यमवर्गीय कुटुंबाची सर्वांत मोठी रक्कम या एकाच व्यवहारात जाते. दरमहा ३८,७०० रुपयांची तूट अठरा महिने नोकरी नसतानाही भरता येईल का, याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर कर्जाची गरज कमी होईपर्यंत थांबणे हाच शहाणपणा.