जांबहून क्लिनिकल ट्रायल किती लांब?

१,३१,७४६. मराठवाड्यातल्या एकाच जिल्ह्यातून एका क्लिनिकल ट्रायलमध्ये सामील झालेल्या स्त्रियांचा हा आकडा. जिल्हा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव. ऑक्टोबर १९९९ मध्ये तिथल्या खेड्यांचे ५२ गट पाडण्यात आले आणि ३० ते ५९ वयाच्या स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी सुरू झाली. बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांचा हा संयुक्त उपक्रम. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १४.८७ लाख होती. म्हणजे दर ११ माणसांमागे एक बाई या चाचणीत होती.

आठ वर्षांच्या पाठपुराव्याचा निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही विषाणूच्या तपासणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या, त्यांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ पैकी ६४ जणी. लाखाचा हिशेब मांडला तर एकीकडे १००, दुसरीकडे २०३. पॅप स्मिअरच्या गटात ५४ आणि व्हिनेगर लावून केलेल्या तपासणीच्या गटात ५६ मृत्यू झाले; हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही. ज्या गटाची तपासणीच झाली नाही त्याचे काय, हा आक्षेप नंतर घेतला गेला. तो रास्त होता. तुलना करायची तर कुणाला तरी दुसऱ्या बाजूला उभे राहावे लागते, आणि आपली बाजू सहभागी स्वतः निवडत नाही.

या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांपैकी कुणीही चाचणी शोधत गेली नव्हती. आरोग्यसेविका घरापर्यंत आल्या होत्या. जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थच्या माणसाला आज स्वतःहून भाग घ्यायचा असेल तर हिशेब उलटा होतो. शोध त्याने घ्यायचा, प्रवासही त्यानेच करायचा.

शोधाची जागा एक आहे: क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, ही नोंदवही २० जुलै २००७ रोजी सुरू झाली. १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला सहभागी घेण्याआधीच नोंद करण्याची अट आली. कुणीही ती फुकट पाहू शकतो. कोव्हॅक्सिनच्या पहिल्या टप्प्याचा नोंदणी क्रमांक जुलै २०२० चा, शेवटचे आकडे ०२६३००. तिसऱ्या टप्प्याचा नोव्हेंबर २०२० चा, ०२८९७६. चार महिन्यांत २,६७६ क्रमांकांचे अंतर, महिन्याला साडेसहाशेच्या पुढे.

हा आकडा फसवा आहे. प्रत्येक नोंदीत ‘पदव्युत्तर प्रबंध’ असा एक रकाना असतो. एमडी, एमएसच्या आणि आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांचे अभ्यास याच नोंदवहीत येतात, आणि त्यांचे सहभागी बहुधा त्या-त्या रुग्णालयात आधीच दाखल असलेले रुग्ण असतात. दुसरी चाळणी ‘भरतीची स्थिती’ या रकान्याची: सुरू, बंद की पूर्ण. तिसरी पात्रतेच्या अटींची: वय, आजार, चालू औषधे, गरोदरपण. मधुमेह आहे म्हणून अपात्र आणि मधुमेह आहे म्हणूनच पात्र, अशी दोन्ही माणसे एकाच गल्लीत सापडतील.

चौथी चाळणी ठिकाणाची. इथे एक गंमत आहे. नोंदी इंग्रजीत आहेत. २०२३ च्या नामांतराआधीच्या नोंदींमध्ये छत्रपती संभाजीनगर शोधून सापडणार नाही, तिथे औरंगाबादच लागेल. आणि औरंगाबाद टाकले की बिहारचा त्याच नावाचा जिल्हाही पुढ्यात येतो. जालन्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातल्या १० महाविद्यालयांपैकी एक. संभाजीनगरचे १९५६ चे. अंतर ६८ वर्षांचे आहे. तेव्हा शोध जालन्यापाशी थांबवू नये.

अंतराचे एक उदाहरण. कोविशिल्डच्या २०२० मधल्या भारतीय चाचणीत १,६०० सहभागी होते. महाराष्ट्रातली केंद्रे पुणे, मुंबई, नागपूर, सेवाग्राम इथली. मराठवाड्यातले एकही नाही. भेटी चार: पहिला, २९ वा, ५७ वा आणि १८० वा दिवस. जांबहून पुणे जाऊन-येऊन साडेपाचशे किलोमीटरच्या वर. म्हणजे सहा महिन्यांत २,२०० किलोमीटर आणि किमान चार दिवसांची मजुरी बुडीत. प्रवासखर्च कोण देणार, हे संमतीपत्रात पाहावे. चाचणीसाठी होणारा खर्च सहभागीच्या खिशातून घ्यायचा नाही, असे आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. कुणी पैसे मागितले, तर तिथूनच परतावे.

आता जोखीम. जानेवारी २००५ ते जून २०१२ या साडेसात वर्षांत ४७५ नव्या औषधांच्या चाचण्यांत २,६४४ सहभागी दगावले, असे केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले. चाचणीमुळे झालेले मृत्यू त्यांत ८० धरले गेले, म्हणजे ३ टक्के. उरलेले ९७ टक्के मूळ आजार किंवा इतर कारणांच्या खाती. ही विभागणी नेमकी कशी ठरते, यावरच भरपाई अवलंबून असते.

भरपाईचे सूत्र क्लिनिकल ट्रायलच्या २०१९ च्या नियमांत छापलेले आहे: ८ लाख गुणिले वयाचा गुणक, गुणिले जोखमीचा गुणक, भागिले ९९.३७. चाळिशीचा निरोगी स्वयंसेवक चाचणीमुळे दगावला तर वारसांना सुमारे ५९.३ लाख. त्याच वयाचा, सहा महिन्यांहून अधिक जगण्याची आशा नसलेला रुग्ण दगावला तर ७.४ लाख. वय एक, रक्कम आठपट कमी, कारण जोखमीचा गुणक पहिल्यासाठी ४ आणि दुसऱ्यासाठी ०.५. पासष्टीच्या निरोगी माणसाचे ३२ लाख. जिवावर बेतलेल्या पण बरे झालेल्या प्रसंगात मात्र हिशेब रुग्णालयातल्या दिवसांचा: दर दिवसाला किमान वेतनाच्या दुप्पट.

२०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्यात सात वर्षांवरील चारांतल्या एकाहून अधिक माणसाला लिहिता-वाचता येत नव्हते. अंगठा उठवणाऱ्यासाठी नियमात तटस्थ साक्षीदार सक्तीचा आहे. तो संशोधकांच्या चमूतला चालत नाही. संमतीपत्र समजेल त्या भाषेत, म्हणजे जांबला मराठीत, हवे. एखाद्या गटाला औषध नसलेली नुसती गोळी (प्लासिबो) मिळणार असेल तर तिने आजार बरा होणार नाही, हे त्यात लिहिलेले असले पाहिजे. सही केल्यावरही कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यापायी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

नोंदीच्या पानावर ‘सार्वजनिक चौकशी’ या शीर्षकाखाली एका माणसाचे नाव आणि फोन नंबर असतो. जांबहून निघण्याआधी त्याला चार प्रश्न विचारा: भरती सुरू आहे का, भेटी किती, प्रवासखर्च कोणाचा, नैतिकता समितीची मंजुरी कधीची. आणि परतताना सही केलेल्या संमतीपत्राची प्रत पिशवीत असू द्या. ती देणे बंधनकारक आहे.