उसातील बछडे आणि कोयत्याची मजुरी

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांतून एक बातमी हमखास येते : तोड चालू असता फडात बिबट्याचे बछडे सापडले. सोबत ते मांडीवर घेतलेल्या माणसांचे छायाचित्र असते. पाहणाऱ्यास त्यात भूतदया दिसते. वस्तुतः अशा वेळी बछड्यास हात न लावणे हीच खरी दया होय. मात्र या संयमाला मोल पडते, आणि ते कोणी द्यावयाचे याचा विचार आपण केलेला नाही.

सापडलेले पिलू बहुधा पोरके नसते. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने या भागात ऊस वाढला आणि त्या दाट आडोशात बिबट्याची मादी विऊ लागली. पिले दडवून ती भक्ष्य शोधीत हिंडते. माणसांची चाहूल लागताच दूर सरते, पण पिले टाकून जात नाही. आपण पिलू उचलून गावात नेले, तर आई असलेल्यास आपणच पोरके करतो. शिकारीचे शिक्षण आईवाचून मिळत नाही. मग त्याचा जन्म माणिकडोहच्या निवारा केंद्रासारख्या ठिकाणी बंदिवासात जाण्याचा संभव फार.

तेव्हा करावे ते असे. तोड थांबवावी, माणसे व कुत्री लांब न्यावीत, जागा लक्षात ठेवावी आणि वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असा प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो; तो ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे. पशुवैद्य पिलांची तपासणी करतात. ती निरोगी असल्यास सायंकाळी सापडल्या जागीच खोक्यात ठेवली जातात. अंधारात मादी येऊन त्यांना तोंडात धरून नेते. या रीतीने अनेक बछडे आईकडे परतले आहेत. पिलू जखमी असल्यास निर्णय पशुवैद्यावर सोपवावा. जखमी प्रौढ बिबट्याजवळ तर जाऊच नये.

ज्यांच्या घरातील माणूस बिबट्याने नेले, त्यांना हा उपदेश क्रूर वाटेल. त्यांचा संताप रास्त आहे. परंतु पिले हलविल्याने मादी जात नाही. ती त्याच शिवारात त्यांना शोधीत राहते. प्राणी उचलून दूर नेल्याने प्रश्न सुटतो, हा समजही अनुभवाने खोटा ठरला आहे. शेतांतून पकडलेले बिबटे जंगलात सोडण्याचा मोठा कार्यक्रम जुन्नर परिसरात २००१ मध्ये सुरू झाला. त्यानंतर माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ वरून १७ वर गेल्याचे विद्या अत्रेया व सहकाऱ्यांच्या २०११ मधील अभ्यासात दिसून आले. बिबटे किती असावेत हा स्वतंत्र प्रश्न आहे. तो बछडे पळवून सुटणार नाही.

आता मोलाचा प्रश्न. तोडीची मजुरी टनावर मिळते. बीडसारख्या जिल्ह्यांतून मुकादमाची उचल घेऊन आलेल्या कोयत्याचा, म्हणजे नवराबायकोच्या जोडीचा, फड थांबला की रोज बुडतो; उचल मात्र फिटावयाची राहते. पिलू परतल्याचा लाभ साऱ्या समाजाचा आणि तोटा त्यातील सर्वांत दुबळ्याचा, असा हा हिशेब आहे. मग पिलू मुकाट्याने बांधावर ठेवून कोयता पुढे चालला, तर दोष कोणाला द्यावा?

उपाय अवघड नाही. वनखात्याच्या सांगण्यावरून फड थांबल्यास साखर कारखान्याने त्या टोळीस दुसरा फड द्यावा; तो नसल्यास दिवसाची मजुरी द्यावी आणि निम्मी रक्कम शासनाने भरून द्यावी. एका बछड्यास जन्मभर पिंजऱ्यात पोसण्याच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ ठरेल. हंगामापूर्वी कारखान्याचा मुकादमांशी करार होतो. त्यातच हे कलम घालावे. मजुरांना दयेचे धडे देण्याआधी त्यांच्या बुडत्या रोजाची तरतूद व्हावयास हवी.