फसलेलं प्रात्यक्षिक

१९५६ साली ‘पोल्ट्री सायन्स’ या कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात एक छोटासा शोधनिबंध छापून आला. माणसांवर उपचार करणाऱ्यांनी तो उघडून पाहावा असं त्यात वरवर काहीच नव्हतं. पण प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींची गोष्ट तिथूनच सुरू होते.

ओहायो स्टेट विद्यापीठातला ब्रूस ग्लिक हा विद्यार्थी पक्ष्यांच्या गुदद्वाराजवळच्या एका पिशवीमागे लागला होता. तिचं नाव बर्सा. पादुआच्या फॅब्रिशियस या शरीररचनातज्ज्ञानं केलेलं तिचं वर्णन सतराव्या शतकातच छापलं गेलं होतं, पण ती करते काय, हे कोडंच होतं. ग्लिकनं प्राध्यापकांना विचारलं, तर ‘तूच शोध’ अशा अर्थाचं उत्तर मिळालं. पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत बर्सा झपाट्यानं वाढते, हे त्यानं हेरलं आणि कोवळ्या पिल्लांचीच बर्सा काढली. पिल्लं वाढली, पण फरक काही दिसेना.

टिमथी चँग या त्याच्या सहकाऱ्याला वर्गात प्रतिपिंडांचं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. त्यानं ग्लिककडच्या कोंबड्या नेल्या, त्यांना साल्मोनेला टोचला आणि रक्त तपासलं. काहींत प्रतिपिंडं नव्हतीच! दुसऱ्या कोंबड्या आणून त्यानं वेळ निभावून नेली असती, तर कुणी नावं ठेवली नसती. पण दोघांनी नोंदी काढल्या. प्रतिपिंडं नसलेल्या कोंबड्यांची बर्सा काढलेली होती. फसलेल्या प्रयोगाला असं ‘का’ विचारणं मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं.

‘सायन्स’नं मात्र निबंध परत पाठवला. हे घडतं कसं, याचा उलगडा त्यात नव्हता. तो पुढे कुक्कुटपालनवाल्यांनी छापला आणि प्रतिकारशक्तीच्या अभ्यासकांच्या नजरेत यायला बरीच वर्षं गेली.

मिनेसोटात रॉबर्ट गुड यांच्याकडे काम करणाऱ्या मॅक्स कूपर या बालरोगतज्ज्ञानं धागा पुढे नेला. पिल्लू जन्मेपर्यंत बर्सातल्या काही पेशी शरीरभर पांगलेल्या असतात, त्यामुळे नुसती बर्सा काढून चित्र स्पष्ट होत नव्हतं. कूपरनं बर्सा काढलेल्या पिल्लांना किरणोत्सर्गही दिला. मग प्रतिपिंडंही नाहीत आणि ती बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशीही नाहीत! थायमस ही ग्रंथी काढलेल्या पिल्लांत मात्र त्या टिकून होत्या. प्रतिकारपेशींच्या, एक बर्साची आणि एक थायमसची, अशा दोन वेगळ्या फौजा १९६५ साली सिद्ध झाल्या. ‘बी’ हे अक्षर बर्साचंच.

माणसाला बर्सा नसते. आपल्या बी-पेशी अस्थिमज्जेत घडतात. तिथे प्रत्येक पेशी जनुकांचे तुकडे कापून-जोडून स्वतःचं वेगळं प्रतिपिंड ठरवते. सुसुमू तोनेगावा यांनी १९७६ मध्ये बाझलला हे दाखवलं आणि १९८७ चं नोबेल मिळवलं. शरीरावरच उलटू शकतील अशा बऱ्याच पेशी तिथेच बाद होतात. उरलेल्यांपैकी जिला जुळणारा जंतू भेटतो, तिची वंशावळ लसिकाग्रंथीत वाढते. काही पेशी प्रतिपिंडं ओतू लागतात, काही आठवण जपतात. लस याच आठवणीवर चालते.

या पेशी घडल्याच नाहीत तर काय होतं, तेही माणसांत दिसलं होतं. अमेरिकी लष्करी डॉक्टर ऑग्डेन ब्रुटन यांनी १९५२ मध्ये वारंवार आजारी पडणाऱ्या एका मुलाची नोंद केली होती. त्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडं असलेला प्रथिनांचा भागच नव्हता. ते बाहेरून टोचल्यावर मुलगा सुधारला. अशा मुलांच्या अस्थिमज्जेत बी-पेशींची घडण अर्ध्यावर थांबते, आणि ती थांबवणारं बिघडलेलं जनुक १९९३ मध्ये सापडलं.