सम गाठणारी चित्रे

१८९२ सालच्या ऑक्टोबरात पॅरिसच्या म्युझे ग्रेव्हँ या संग्रहालयात एमिल रेनो याने 'थिएटर ऑप्टिक' नावाचा खेळ सुरू केला. सिनेमा अजून यायचा होता. लांब पट्टीवर हाताने रंगवलेली चित्रे, ती पडद्यावर टाकणारी आरशांची यंत्रणा आणि गॅस्टन पॉलँ याचे खास या खेळांसाठी रचलेले संगीत, असा सगळा थाट होता. 'पॉव्हर पियरो' या खेळाची चित्रे जेमतेम ५००. सरळ फिरवली असती तर मिनिटभरात संपली असती. रेनो पट्टी हाताने पुढे नेई, मागे आणी, एखादी हालचाल हवी तितक्या वेळा दाखवी, आणि खेळ पंधरा मिनिटांच्या घरात जाई. पियरोच्या पाठीत काठी बसायची त्या जागी पट्टीला धातूची चकती लावलेली होती. ती विद्युतचुंबकाशी आली की नेमका त्या क्षणी फटक्याचा आवाज होई.

त्याच सुमारास आपल्याकडे कल्याणला महादेव गोपाळ पटवर्धन यांची 'शांबरिक खरोलिका' आकाराला येत होती. काचांवर रंगवलेली चित्रे कंदिलाच्या उजेडाने पडद्यावर पडत आणि त्यांच्या जोडीला निवेदन, गाणे, संवाद असत. पॅरिस आणि कल्याणच्या या मंडळींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. चित्र हलवायचे तर त्याला सूर हवा, हे मात्र दोघांनाही उमगले होते.

आज मोबाइलवर चार सेकंदांचे चित्र गाण्यावर गोलगोल फिरताना आपण पाहतो, तेव्हा हा सोपा, फावल्या वेळेचा प्रकार वाटतो. साधने आता सोपी झाली आहेत, हे खरेच. पण लूप चांगला जमणे ही लयीची कसोटी आहे, आणि चित्र काढणाऱ्याला ताल कळला नाही तर हात कितीही सफाईदार असला तरी काम फसते, असे माझे ठाम मत आहे.

लूप हा चलच्चित्राचा मूळ अवतार. बेल्जियमच्या जोसेफ प्लाटो याने १८३२ साली केलेली फिरती तबकडी गोल होती, त्यामुळे तिच्यावरची हालचाल संपत नसे, पुन्हा सुरू होई. प्रश्न होता तो वेगाचा. हाताने फिरवायच्या यंत्राला ठरलेली लय नसते. बोलपट आले तसा फिल्मचा वेग सेकंदाला २४ चौकटींवर पक्का झाला आणि संगीताची मात्रा चौकटींत मोजता येऊ लागली. डिस्नेच्या 'स्टीमबोट विली'साठी (१९२८) विल्फ्रेड जॅक्सन याने मेट्रोनोम लावून हा हिशेब बसवला. पुढच्याच वर्षी आलेल्या 'द स्केलेटन डान्स'मधले सांगाडे पाहावेत. तीच चित्रे पुन्हा पुन्हा येतात आणि तरी कंटाळा येत नाही, कारण कार्ल स्टॉलिंगचे संगीत त्या पुनरावृत्तीला नाचाचा ठेका देते. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात नॉर्मन मॅक्लॅरेन याने तर कॅमेराच बाजूला ठेवला. ऑस्कर पीटरसनच्या जॅझवर 'बिगॉन डल केअर' (१९४९) करताना त्याने आणि एव्हलिन लँबर्टने थेट फिल्मवर रंग ओतले, ओरखडे काढले.

पण या सगळ्या परंपरेत माझ्या मते सर्वात वरचे स्थान झ्बिग्निएव रिबचिन्स्की या पोलिश दिग्दर्शकाच्या 'टँगो'चे (१९८०). एक खोली, तीन दारे, एक खिडकी. खिडकीतून चेंडू आत येतो, त्याच्यामागे एक मुलगा उडी मारून येतो, चेंडू घेतो, निघून जातो. पुन्हा चेंडू, पुन्हा मुलगा. मग दारातून एक बाई बाळाला घेऊन येते आणि तिचेही चक्र सुरू होते. एकेक करत ३६ माणसे त्या खोलीत येतात. कुणी कपडे बदलते, कुणी जेवते, कुणी पडते, आणि प्रत्येकाचे चक्र अखंड चालू राहते. खोली खच्चून भरते, पण कुणाचा कुणाला धक्का लागत नाही. संगणक नसताना रिबचिन्स्कीने यासाठी चित्राचा नको तो भाग झाकणारे सुमारे १६ हजार मुखवटे (मॅट) हाताने रंगवले आणि ऑप्टिकल प्रिंटरवर एकावर एक चित्रण केले. १९८३ साली या आठ मिनिटांना ऑस्कर मिळाले. इतकी माणसे एकदम हलत असताना डोळा गोंधळत नाही, याचे श्रेय त्या टँगोच्या संथ, एकसुरी चालीला द्यायला हवे. साऱ्यांना एका मापात धरून ठेवते ती तीच.

इंटरनेटवरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. जिफ १९८७ची, पण तिला न थांबता फिरत ठेवण्याची सोय १९९५च्या नेटस्केपने आणली. १९९८ साली हॅम्स्टरांचा नाच आला, २००३मध्ये फ्लॅशवरचे बॅजर्स, २०११मध्ये इंद्रधनुष्य सोडत उडणारी न्यान कॅट. २०१३ साली सुरू झालेल्या व्हाइनने सहा सेकंदांची मर्यादा घालून दिली आणि स्पॉटिफायच्या कॅनव्हासमध्ये आज गाण्यामागे तीन ते आठ सेकंदांचे चित्र फिरते. वहीत लिहीत बसलेली 'लोफाय गर्ल' तासन् तास चालते, गाणी बदलतात, चित्र तेच राहते. ते कुठेच खटकत नाही, कारण त्यात ठोका पडावा अशी एकही हालचाल नाही. पान, पेन, मांजराची शेपटी, सगळे सावकाश. न्यान कॅटला ही मुभा नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. लेझीम खेळणारी एक मुलगी काढायची आहे आणि ताल केरवा, आठ मात्रांचा. पहिले काम पेन्सिल हाती घेण्याचे नाही, गाण्याची गती मोजण्याचे आहे. मिनिटाला १२० मात्रा असतील तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे १२ चौकटींची. आवर्तन ९६ चौकटींचे, बरोबर चार सेकंद. एक चित्र दोन चौकटी टिकवायचे, ही या धंद्यातली जुनी रीत, म्हणून ४८ चित्रे पुरतात. एकोणपन्नासावे चित्र पहिलेच असते, ते काढायचे नाही. नवखे लोक शेवट जुळावा म्हणून पहिले चित्र शेवटी पुन्हा टाकतात आणि दर आवर्तनाला मुलगी क्षणभर अडखळते.

गती ११० असेल तर मात्रा १३.०९ चौकटींची होते. तो अपूर्णांक सोडून देऊन १३ धरले तर पहिल्या आवर्तनात काही कळत नाही. सव्वा मिनिट झाले की एक अख्खी मात्रा सटकलेली असते आणि लेझीम समेऐवजी, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेऐवजी, दुसरीकडेच वाजते. त्यापेक्षा गाणे आपणच करत असू तर ९६, १२०, १४४ अशी २४ चौकटींत बसणारी गती घ्यावी. जिफमध्ये आणखी एक पेच आहे. तिथे वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात. एक चित्र ८ भाग ठेवले तर ४८ चित्रांचे आवर्तन ३.८४ सेकंदांत संपते. शिवाय जिफला आवाज नाही, म्हणजे गाणे वेगळे वाजणार आणि फारकत ठरलेली. फ्लॅशच्या दिवसांतही 'इव्हेंट' पद्धतीने लावलेला आवाज चित्रांपासून सुटा धावे. 'स्ट्रीम' लावला की वेळ पडल्यास चित्रे गाळून संगणक आवाजाला धरून राही. आवाजाला प्रमाण मानण्याची ती पद्धत आजही योग्य वाटते. चौकट गळलेली डोळा माफ करतो, ठेका चुकलेला कान करत नाही.

लेझीम समेवर वाजायची तर हात चार-सहा चौकटी आधी उचलला गेला पाहिजे, आणि प्रत्यक्ष ठोक्याचे चित्र आवाजाच्या चौकटीवर किंवा एखादी चौकट आधी यायला हवे. उशीर मात्र चालत नाही. आपल्या तालांची मोठी सोय अशी की सम आणि खाली (टाळी नसलेली, हलकी मात्रा) ही भेदाची जागा आयती मिळते. समेला लेझीम जमिनीकडे, पाय आपटलेला. खालीला हात वर, अंग हलके. रूपकाच्या सात मात्रा घेतल्या तर खेळ आणखी रंगतो, कारण तिथे समच खाली असते आणि पहिल्याच चित्रात भार सोडावा लागतो.

सांधा लपवण्याची युक्ती कुणीही वापरून पाहावी अशी आहे. मुलीचे आवर्तन आठ मात्रांचे ठेवावे आणि मागच्या पताकांचे सहाचे. दोघांची गाठ चोवीस मात्रांनी पडते. बारा सेकंद काही तंतोतंत परत येत नाही आणि नजरेला शेवट सापडत नाही. कष्ट मात्र चौदा मात्रांचेच.

आवाजाचा सांधाही तितकाच जपावा लागतो. ढोलकीच्या शेवटच्या थापेची आस आवर्तनापलीकडे रेंगाळते. तिथेच कात्री लावली तर पहिल्या मात्रेवर ती आस अचानक नाहीशी होते. म्हणून एकच आवर्तन दोनदा वाजवून ध्वनिमुद्रित करावे आणि दुसरे उचलावे. त्याच्या सुरुवातीला पहिल्याची आस मिसळलेली असते. काप लहर शून्यावर असताना घ्यावा, नाहीतर टक् असा आवाज येतो. फाइल वेव्ह ठेवावी. एमपीथ्री करताना टोकांना किंचित शांतता चिकटते आणि ती दर फेरीला ऐकू येते. क्रिता, ब्लेंडर, ओपनटून्झ आणि आवाजासाठी ऑडॅसिटी, हे सगळे फुकट मिळते. दिवाळीच्या सुटीत घरातल्या मुलांना हे शिकवायचे असेल तर आधी त्यांच्याकडून टाळ्या वाजवून आठ मात्रा धरून घ्याव्यात, आणि पहिला लूप आकाशकंदिलाचा करावा: चार मात्रांत डावीकडे, चार मात्रांत उजवीकडे, टोकांजवळ चित्रे दाट, मध्ये विरळ.