पाळीव सशासाठी घराची पूर्वतयारी

पाळीव ससा हा युरोपीय रानसशाचा वंशज असून महाराष्ट्राच्या माळरानांवर आढळणारा ससा ही वेगळी, 1972च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने संरक्षित प्रजाती आहे. ती पाळता येत नाही. बिळात राहणाऱ्या पूर्वजांमुळे पाळीव सशालाही लपण्याची जागा लागते, म्हणून पिंजऱ्यापेक्षा खोलीचा एखादा कोपरा आडोसा करून त्याला देणे अधिक योग्य ठरते. बाजारातील तारेच्या तळाचे पिंजरे टाळावेत, कारण सशाच्या तळपायांना गादी नसते आणि तारेवर त्यांना जखमा होतात; गुळगुळीत फरशीवरही पाय घसरत असल्याने सतरंजी किंवा गोणपाट अंथरावे.

सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात व तंतुमय चारा चावल्यानेच झिजतात. त्यामुळे वाळलेले गवत अहोरात्र उपलब्ध हवे, गाजर मात्र क्वचितच, कारण त्यात साखर असते. कुरतडण्याच्या याच सवयीमुळे विजेच्या तारा नळीत घालाव्यात आणि कण्हेरीसारखी विषारी झाडे दूर ठेवावीत.

खरी कसोटी उन्हाळ्याची असते. सशाला घाम जवळजवळ येत नाही, शरीरातील उष्णता तो मुख्यतः कानांतील रक्तवाहिन्यांवाटे बाहेर टाकतो. परिणामी तापमान 30 अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की उष्माघाताचा धोका वाढतो, आणि विदर्भ-मराठवाड्यातील पत्र्याच्या छताच्या घरात तर ससा आणूच नये. ससे हाताळणारा पशुवैद्यक आधीच शोधून ठेवावा, कारण अर्धा दिवस न खाल्लेला ससा हा तातडीचा रुग्ण मानला जातो.